इंधनाची गाळणी

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी नेरळ सोडून कर्जतच्या दिशेनें निघाली म्हणजे मध्येंच भिवपुरी रोड नांवाचें एक लहानसें स्थानक लागतें. पुढें घाट चढावयाचा आहे या विचारांत प्रवासी असतात. कोणी माथेरानच्या डोंगराकडे पाहत असतो. त्या स्थानकाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु येथून पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशीं गेलें तर १९२२ सालीं सुरू झालेलें एक वीजघर दृष्टीस पडतें. डोंगराच्या पलीकडल्या अंगास सांठविलेलें पाणी बोगद्यांतून आणि नळांतून खालीं येतें, लोखंडी चाकांवर आदळतें आणि आपलें बळ तेथें ठेवून नदीला मिळतें. पाणी हेंच या घराचें इंधन होय.

इंधनाचा इतिहास लिहिणारे बहुधा खाणीचा तरी इतिहास लिहितात, नाहीं तर यंत्राचा तरी. कोळसा कोठें सांपडला, तेलाची विहीर कोणीं खणली, इंजिन कोणीं बांधलें, हें आपण शाळेंत शिकतों. खाण आणि इंजिन यांच्यामधील वाटेवर मात्र दोन नोकर उभे असतात, त्यांची विचारपूस कोणी करीत नाहीं. एक इंधन उचलणारा आणि दुसरा तें गाळणारा. एक पंप, दुसरी गाळणी. आज रस्त्याच्या कामावर किंवा शेताच्या बांधावर दोन चाकांच्या गाड्यावर बसविलेलें एक लहानसें यंत्र दिसतें. त्याची एक नळी डिझेलच्या पिंपांत असते, दुसरी कामावरच्या यंत्राच्या टांकींत, आणि मध्यें पंप व दोन-तीन गाळण्या. या क्षुल्लक दिसणाऱ्या गाड्यांत त्या दोन्ही नोकरांचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास सांठलेला आहे. तो इतिहास सांगावा, आणि भिवपुरीपासून सांगावा, असा या लेखाचा हेतु आहे. कारण जी रचना त्या गाड्यावर हातभर जागेंत मावते, तीच येथें डोंगराएवढ्या आकारांत पाहावयास मिळते.

कोळशाच्या युगांत या दोन नोकरांना फारसें काम नव्हतें. १८५६ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ खोपोलीपर्यंत येऊन पोंचले आणि तेथेंच थांबले. कारण समोर घाट होता. जेम्स बर्कले या इंजिनियराच्या आराखड्याप्रमाणें घाटाचें काम चाललें. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं हिंदुस्थानांत आला आणि थोड्याच काळांत येथेंच मरण पावला; त्याची पत्नी ॲलिस हिनें तो मक्ता पुढें चालविला. २१ एप्रिल १८६३ रोजीं बोरघाटाचा मार्ग खुला झाला. सुमारें पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढावयाचे, आणि कांहीं ठिकाणीं तर दर ३७ फुटांस एक फूट इतकी चढण. यामुळेंच कर्जतला गाडीस मागून जादा इंजिनें जोडण्याचा प्रघात पडला, व इंजिनें विजेचीं झालीं तरी तो मोडलेला नाहीं.

त्या वाफेच्या इंजिनांत कोळसा फावड्यानें पडे. त्यांत दगड मिसळलेला असला तर तो डोळ्यांस दिसे, हातानें वेंचून फेंकतां येई. आणि जो वेंचावयाचा राहून जाई तो शेवटीं राखेंत सांपडे. घनरूप इंधनाचा दोष असा उघडा असतो. द्रवरूप इंधनाची गोष्ट निराळी. तें आपला मळ पोटांत घेऊन चालतें, अरुंद वाटेनें चालतें, आणि जेथें वाट अत्यंत अरुंद असेल नेमकें तेथेंच तो मळ सोडून जातें. म्हणून ज्या दिवशीं मनुष्यानें द्रवाकडून काम घेण्यास आरंभ केला, त्याच दिवशीं त्याला गाळणी लावणें भाग पडलें.

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत, आणि तो कोळसा बंगालसारख्या दूरच्या प्रांतांतून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस मात्र त्यांच्या उशाशीं होता. त्या पावसाला कामास लावण्याची कल्पना डेव्हिड गॉस्लिंग यानें जमशेटजी टाटा यांच्यापुढें मांडली. जमशेटजी १९०४ सालीं निवर्तले. परंतु १९१० सालीं कंपनी स्थापन झाली, आणि १९१५ सालीं लोणावळ्याच्या तळ्यांचें पाणी खोपोलीस उतरून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊं लागलें. त्यानंतर १९१६ सालीं आंध्रा व्हॅली कंपनी निघाली. इंद्रायणीस मिळणाऱ्या आंध्रा नदीवर मावळांत ठोकरवाडी येथें धरण झालें, आणि १९२२ सालीं भिवपुरीचें वीजघर सुरू झालें. जें पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळावयाचें, तें डोंगराच्या पोटांतून पश्चिमेस वळून उल्हास नदींत पडूं लागलें.

या योजनेचे अवयव नीट न्याहाळले तर ते चारच आहेत. पहिला सांठा, म्हणजे तलाव. दुसरी चाळण: पाणी बोगद्यांत शिरण्यापूर्वीं लोखंडी गजांच्या जाळींतून जातें, आणि ओंडके, पालापाचोळा, वाहून आलेली झुडपें तेथें अडकतात. तिसरा नळ. चौथी तोटी. पाणी दीड हजार फुटांहून अधिक उंचीवरून येऊन एका अरुंद तोटींतून सुटतें आणि पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतें. लेस्टर पेल्टन या कॅलिफोर्नियांतील कारागिरानें सोन्याच्या खाणींच्या परिसरांत हें चाक सिद्ध केलें व १८८० सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याच्या तोटींतून निघणारी धार इतक्या वेगाची असते कीं पाण्याबरोबर बारीक वाळू आली तर ती कानशीप्रमाणें वाट्या झिजवूं लागते. जाळी ओंडका अडविते. वाळूचें निवारण तलावाच्या संथपणानें होतें. उभें राहिलेलें पाणी आपला गाळ आपणच खालीं ठेवतें. इंधन शुद्ध करण्याचे दोन अत्यंत जुने उपाय, निवूं देणें आणि चाळणें, येथें एकत्र आलेले आहेत.

पंप मात्र येथें कोठें दिसत नाहीं. पण तोहि आहे. समुद्राचें पाणी सूर्य उचलतो, वारा तें वाहून आणतो आणि सह्याद्री तें उतरून घेतो. एवढा मोठा पंप फुकट मिळाल्यामुळें भिवपुरीचें इंधन स्वस्त वाटतें. परंतु त्याची किंमत कोणीं दिलीच नाहीं असें मात्र समजूं नये. तलाव झाला म्हणजे खोऱ्यांतील जमीन बुडते. आंध्रा खोऱ्यांतील जमीन पाण्याखालीं गेली. आणि याच मालिकेंतील पुढील योजनेसाठीं मुळशी खोरें बुडविण्याचें ठरलें तेव्हां १९२१ सालीं तेथील मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला. सेनापति बापट त्यांचे पुढारी होते. १९२४ पर्यंत ती झुंज चालली. शेवटीं धरण झालें आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर चालूं लागलें. गिरणगांवाचा धूर कमी झाला खरा. पण कोणाच्या शेतावर पाणी फिरून तो कमी झाला, हें त्या जाळीच्या गजांत अडकून दिसत नाहीं. गाळणी कितीहि बारीक असली तरी तिच्यांत न अडकणारी एक वस्तु नेहमींच असते. हा विचार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. लेखाच्या शेवटीं त्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

पाण्याच्याहि आधीं दुसरें एक द्रवरूप इंधन आपल्या घरांत शिरलें होतें. तें म्हणजे रॉकेल, किंवा खेड्यांतील बोलींत घासलेट. अमेरिकेंतून तें डब्यांत भरून येई. चार गॅलनांचे दोन डबे एका लांकडी खोक्यांत घातलेले असत. पुढें मार्कस सॅम्युअल या लंडनच्या व्यापाऱ्यानें जहाजाच्या पोटांतच मोकळें तेल भरून आणण्याची युक्ति केली. त्याचें ‘म्युरेक्स’ जहाज १८९२ सालीं सुवेझच्या कालव्यांतून पूर्वेस आलें. तेल स्वस्त झालें, तरी पूर्वेकडील गिऱ्हाईक तें घेईना. कारण शोधतां असें आढळलें कीं लोकांना तेलाइतकाच डबाहि हवा होता. डब्याचें पत्र घराच्या छपरास, कणगीच्या झांकणास, पाणी आणण्यास उपयोगी पडे. सॅम्युअलनें मग ठिकठिकाणीं पत्र्याचे डबे बनविण्याची सोय केली आणि त्यांस लाल रंग दिला. आपल्याकडेहि आडवी दांडी ठोकलेला रॉकेलचा डबा विहिरीवर दिसला नाहीं असें गांव क्वचित् असेल.

या रॉकेलबरोबर ज्या पंपाचा आणि गाळणीचा संबंध आला ती वस्तु आपल्या देवघरांत पूर्वींपासूनच होती. समईची वात ही जगांतील अत्यंत जुनी आणि अत्यंत सुटसुटीत अशी इंधन उचलण्याची व गाळण्याची योजना होय. सुताच्या तंतूंमधील बारीक फटींतून तेल आपोआप वर चढतें, आणि तेलांतील कचरा त्या फटींच्या तोंडाशींच राहतो. तेलांत पाणी असेल तर वात तडतडते व ज्योत लवते. काजळी धरलेली वात कातरून टाकणाऱ्या आजीबाईंना यंत्रशास्त्र कोणीं शिकविलें नव्हतें. परंतु गाळणी तुंबली म्हणजे ती बदलावी लागते, हा त्या शास्त्राचा पहिला नियम त्या नित्य पाळीत होत्या.

वातीची शक्ति मात्र अंगुलभरच. पिंपांतून तेल काढण्यास दुसरें साधन हवें होतें. अमेरिकेंतील फोर्ट वेन गांवीं एका वाण्याच्या दुकानांत रॉकेलचें पिंप आणि लोण्याचें पिंप शेजारीं शेजारीं असत. रॉकेल झिरपून लोण्यास वास लागे व गिऱ्हाइकें कुरकुरत. सिल्व्हेनस बाउझर यानें १८८५ सालीं त्या वाण्यास एक हातपंप करून दिला. दट्ट्या वर ओढला कीं मोजून तेल यावें आणि उरलेलें परत पिंपांत जावें, अशी त्याची रचना होती. मोटारी निघाल्यावर हाच पंप १९०५ च्या सुमारास पेट्रोलसाठीं रस्त्यावर आला. आजच्या पेट्रोलपंपाचा वंश असा लोण्याच्या तक्रारींतून सुरू झाला आहे!

येथें पंपाच्या स्वभावांतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंप तेल ओढतो असें आपण म्हणतों; वस्तुतः पंप ओढीत नाहीं. तो नळींतील हवा काढून घेतो, आणि बाहेरची हवा पिंपांतील तेलावर भार देऊन तें नळींत वर ढकलते. इटलींतील टोरिचेल्ली यानें १६४३-४४ सालीं पाऱ्याच्या नळीनें हें सिद्ध केलें. हवेचा हा भार मर्यादित आहे. तो पाणी सुमारें १० मीटर उचलूं शकतो. डिझेल हलकें म्हणून हिशेबानें १२ मीटर. परंतु घर्षण आणि वाफ यांमुळें प्रत्यक्षांत याच्या निम्म्याच्या आसपासच भरंवसा धरावा. पेट्रोल तर इतकें चंचल कीं ओढ जास्त झाली म्हणजे नळींतच त्याची वाफ होते आणि पंप नुसता गरगरतो. म्हणून शहाणा कारागीर पंप नेहमीं सांठ्याच्या जवळ ठेवतो. ओढण्याची वाट आंखूड आणि ढकलण्याची लांब, हा या कामाचा मूळमंत्र आहे.

पहिल्या मोटारवाल्यांना दुसरी एक अडचण भासे. डब्यांतून पेट्रोल घ्यावें तर त्यांत गंज आणि पाण्याचे थेंब असावयाचेच. तेव्हां नरसाळ्यांत सांबराचें मऊ कातडें घालून पेट्रोल गाळण्याची रीत पडली. कातडें आधीं पेट्रोलनें भिजवावें, म्हणजे त्यांतून पेट्रोल उतरतें आणि पाणी वरच राहतें. आपल्या स्मृतिकारांनीं पाणी वस्त्रानें गाळून प्यावें असा दंडक घालून दिला आहे. मोटारीसाठीं तोच दंडक कातड्याच्या रूपानें अवतरला. मात्र त्या गाळण्यानें एक नवें संकट आणलें. बारीक छिद्रांतून तेल जोरानें जातांना त्यांत विजेचा अंश उत्पन्न होतो, कांच रेशमावर घांसावी तसा. आणि त्या विजेस जमिनीची वाट न मिळाली तर ती ठिणगीच्या रूपानें उडी घेते. कित्येक आगी अशा लागल्या. तेव्हांपासून नरसाळें, डबा आणि टांकी हीं धातूच्या तारेनें एकमेकांस जोडून मगच तेल ओतावें, असा नियम झाला.

रुडॉल्फ डिझेल याचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी झालें आणि गाळणीचें महत्त्व शतपट वाढलें. या इंजिनांत ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापविली जाते कीं तिच्यांत तेलाचा फवारा पडतांच तो पेटतो. प्रश्न त्या फवाऱ्याचा होता. आरंभीं दाबलेल्या हवेच्या झोतानें तेल आंत उडवीत. त्यासाठीं लागणारें अवजड यंत्र वाहनावर बसत नसे. रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यानें १९२७ सालीं लहान, नेटका फवारापंप विक्रीस आणला आणि डिझेल रस्त्यावर व शेतावर उतरलें. या पंपाचा दट्ट्या आणि त्याचें घर यांमध्यें मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे दोन-तीन अंश एवढीच फट असते. माणसाचा केंस याच्या वीस-तीस पट जाड भरेल. अशा फटींत डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणहि खडकासारखा वागतो. पाणी तर त्याहून वाईट. तें वंगण घालीत नाहीं, गंज मात्र चढवितें. आपल्याकडे १९४६ सालीं पुण्यास खडकी येथें किर्लोस्करांचा ऑइल इंजिनचा कारखाना निघाला आणि महाराष्ट्रांतील मळ्यांतून डिझेल इंजिनाची धडधड ऐकूं येऊं लागली. त्याबरोबर गाळणी ही वस्तु शेतकऱ्याच्या हिशेबांतहि आली.

इंधनाचा सांठा, पंप आणि गाळणी हें सर्व बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालावें, ही निकड मात्र दुसऱ्या महायुद्धानें उत्पन्न केली. उत्तर आफ्रिकेंतील ब्रिटिश सैन्य पेट्रोल नेई तें चार गॅलनांच्या पातळ पत्र्याच्या डब्यांत, म्हणजे जवळ जवळ आपल्या रॉकेलच्या डब्यांतच. ते डबे वाटेंत फुटत, आणि पुष्कळसें पेट्रोल वाळवंट पिऊन टाकी. जर्मनांजवळ २० लिटरचा वेल्ड केलेला, तीन मुठींचा मजबूत डबा होता. शत्रूनें तो उचलला आणि त्यास ‘जेरीकॅन’ हें नांव दिलें. पूर्वेकडे कलकत्त्यापासून आसामपर्यंत सहा इंची आणि तेथून ब्रह्मदेशाच्या रानांतून चीनमधील कुनमिंगपर्यंत चार इंची नळ घालण्यांत आला. तो १९४५ सालीं पुरा झाला. माणसांनीं खांद्यावर वाहून नेण्याजोगे हलके तुकडे, झटपट बसणारे सांधे, आणि वाटेंत ठिकठिकाणीं इंजिनासह बसविलेले पंप, अशी ती रचना होती. जेथें जाऊं तेथें इंधन उचलतां व ढकलतां आलें पाहिजे, हा धडा जगानें त्या युद्धांत गिरविला.

आतां त्या दोन चाकांच्या गाड्याकडे वळूं. घाटांत डोंगर फोडणारें यंत्र पेट्रोलपंपावर येऊं शकत नाहीं. इंधनासच त्याच्याकडे जावें लागतें. पिंपांत सोडलेल्या नळीच्या तोंडाशीं जाड जाळी असते. भिवपुरीच्या बोगद्याच्या तोंडाशीं असलेल्या गजांचेंच हें धाकटें भावंड. नळीचें तोंड तळास टेंकूं द्यावयाचें नसतें. तळाचे चार बोटें तेल गाळाला आणि पाण्याला सोडून द्यावयाचें. पुढें पंप. त्याच्या पोटांत एका बाजूस सरकवून बसविलेलें चक्र फिरतें, त्याच्या खांचांतील पातीं आंतबाहेर सरकतात, आणि दोन पात्यांमधील तेल पुढें लोटलें जातें. मोटारीच्या बारा व्होल्टांच्या बॅटरीवर असा पंप मिनिटास चाळीस-पन्नास लिटर तेल सहज देतो. पुढची तोटी बंद झाली तर दाबानें नळी फुटूं नये म्हणून पंपास एक झडप असते. ती उघडून तेल पंपांतल्या पंपांत फिरत राहतें.

गाळणी पंपाच्या आधीं लावावी कीं नंतर, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण साऱ्या रचनेचें मर्म त्यांत आहे. बारीक गाळणी ओढण्याच्या बाजूस लावली तर हवेचा मर्यादित भार तीच खाऊन टाकते आणि पंप उपाशी राहतो. म्हणून तिची जागा पंपाच्या पुढें, ढकलण्याच्या बाजूस. पाण्याचें मात्र उलट. पंपाच्या पात्यांत सांपडलेला पाण्याचा थेंब घुसळून त्याचे सहस्र थेंब होतात, आणि मग ते वेगळे काढणें दुर्घट होतें. म्हणून पाणी पकडणारें भांडें शक्य तर पंपाच्या आधींच असावें. त्यांतून जें सुटतें त्यासाठीं पुढें कांचतंतूंची गाळणी. तिच्या तंतूंना सूक्ष्म थेंब चिकटतात, एकमेकांस मिळतात, मोठे होतात आणि आपल्या भारानें खालच्या वाटींत उतरतात. गाळणें म्हणजे केवळ अडविणें नव्हे, एकत्र आणणेंहि आहे, हें येथें दिसतें. शेवटीं घडीदार कागदाची अतिसूक्ष्म गाळणी, मग मापक, आणि मग हातांतील तोटी. सर्वांस जोडणारी तांब्याची तार जमिनीपर्यंत गेलेली असलीच पाहिजे.

या गाळणीवर दाब दाखविणारें घड्याळ असतें. गाळणी भरत गेली कीं कांटा चढतो. तो ठराविक खुणेपर्यंत गेला कीं ती बदलावी. परंतु चढलेला कांटा एके दिवशीं अचानक खालीं आला तर आनंद मानूं नये. गाळणी फाटली आहे, आणि इतके दिवस तिनें धरून ठेवलेला मळ इंजिनाकडे निघाला आहे, असें समजावें.

कर्जत-खालापूरकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावर उभें ठेवलेलें पिंप दुपारच्या उन्हानें तापतें, आंतील हवा फुगून बुचाच्या फटींतून बाहेर पडते. सरीनें पिंप निवलें कीं तें श्वास आंत घेतें, आणि डोक्यावर सांचलेलें पाणी त्या श्वासाबरोबर आंत शिरतें. म्हणून पिंप आडवें ठेवावें आणि दोन्ही बुचें तेलाच्या पातळीखालीं राहतील अशीं घड्याळांतील तीन व नऊच्या रेषेंत असावींत, असा जुना नियम आहे. तळच्या पाण्यांत बुरशीहि धरते. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर ती वाढते आणि गाळणीवर शेवाळासारखी बसते.

येथवर जो मळ सांगितला त्याचा एक गुण आहे: तो तेलांत मिसळत नाहीं. धूळ निराळी राहते, पाणी निराळें राहतें, म्हणून गाळणीस तीं सांपडतात. परंतु जें मिसळून जातें त्याचें काय? पेट्रोलमध्यें इथेनॉल घालण्याचें प्रमाण आपल्या देशांत २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉल पाण्यास आपल्यांत विरघळवून घेतें. तोंपर्यंत तें पाणी गाळणींतून निर्वेध जातें, आणि मर्यादा ओलांडली म्हणजे इथेनॉलसह एकदम तळाशीं बसतें. हा निसर्गाचा खेळ झाला; त्यांत कोणाचें पाप नाहीं. मनुष्याचें पाप याच वाटेनें जातें तेव्हां मात्र गोष्ट निराळी होते.

गरिबांच्या चुलीसाठीं सरकारनें स्वस्त दरानें दिलेलें रॉकेल डिझेलमध्यें मिसळलें तर कोणतीहि गाळणी त्यास अडवूं शकत नाहीं. तें पाण्यासारखें खालीं बसत नाहीं, धुळीसारखें कागदास चिकटत नाहीं. म्हणून त्यास ओळखूं यावें यासाठीं निळा रंग घालण्यांत आला. पण रंग हीहि मिसळलेलीच वस्तु, आणि ती काढून टाकण्याच्या युक्त्या चोरांना माहीत असतात. आयर्लंडच्या सरहद्दीवर तर शेतकऱ्यांच्या स्वस्त डिझेलचा रंग विशिष्ट मातींतून गाळून काढण्याचा चोरटा धंदाच चाले. गाळणीस स्वतःची नीति नाहीं. ती ज्याच्या हातीं असेल त्याची नीति तिची होते.

आपल्या महाराष्ट्रांत या गोष्टीची फार दारुण आठवण आहे. २५ जानेवारी २०११ रोजीं मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे मनमाडजवळील पानेवाडीच्या बाजूनें जात असतां, तेलाच्या टांक्यांच्या त्या परिसरांत भेसळीचा संशयास्पद प्रकार त्यांच्या दृष्टीस पडला. ते थांबले, पाहिलेल्या गोष्टीची नोंद करूं लागले. भेसळ करणाऱ्यांनीं त्यांना तेथेंच जिवंत जाळलें. दुसऱ्या दिवशीं प्रजासत्ताक दिन होता.

हंसाच्या अंगीं नीरक्षीरविवेक असतो असें आपले कवि सांगत आले. दूध आणि पाणी एक झाल्यावरहि त्यांतून दूध वेगळें घेणारा पक्षी सृष्टींत कोठें असेल तो असो. परंतु समाजांत तें काम मनुष्यालाच करावें लागतें. जें मिसळत नाहीं तें कागद आणि जाळी गाळील. जें मिसळतें तें गाळण्यास थांबणारा, पाहणारा आणि नोंद करणारा मनुष्य लागतो. तो मनुष्य ही शेवटची गाळणी आहे, आणि तिला किती दाब सोसावा लागतो हें दाखविणारें घड्याळ अद्याप कोणीं केलेलें नाहीं.

भिवपुरीस आतां खराखुरा पंप येऊं घातला आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यामध्यें जो करार झाला, त्यांत भिवपुरीच्या १००० मेगावॅट योजनेचा समावेश आहे. वीज मुबलक असेल त्या वेळीं पाणी वर चढवून ठेवावयाचें आणि नड लागेल त्या वेळीं तेंच पुन्हां खालीं सोडावयाचें, अशी ही कल्पना आहे. सूर्यानें इतकीं वर्षें एकट्यानें केलेलें काम आतां मनुष्य वांटून घेणार. सांठा, जाळी, नळ, तोटी हे चारी अवयव तेथें पूर्वींप्रमाणेंच राहतील. गजांच्या जाळींत ओंडके अडकतील, आणि कोणी तरी पावसांत उभा राहून ते काढील. त्या मनुष्याचें नांव कोणत्याहि इतिहासांत येणार नाहीं. परंतु मुंबईच्या एखाद्या घरांत दिवा न थरथरतां जळत राहिला, तर त्यांत त्याचा वांटा आहे, एवढें त्या लहानशा स्थानकावरून जातांना आपण आठवावें.